निदानाचा खर्च : परतावा की हक्क?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



इचलकरंजीत यंत्रमागावर राबणाऱ्या एखाद्या कामगाराचे घर डोळ्यांसमोर आणावे. धाकटा मुलगा साडेतीन वर्षांचा झाला तरी बोलत नाही. हाक मारली तर वळून पाहत नाही. फिरत्या पंख्याकडे मात्र तासन्‌तास पाहत राहतो. आजी म्हणते, याचा बापही उशिराच बोलला होता. अंगणवाडीच्या सेविकेला शंका येते आणि ती मुलाला डॉक्टरांना दाखवून आणण्यास सांगते. येथपर्यंत एका पैशाचाही खर्च झालेला नाही. खर्च सुरू होतो तो यापुढे. जवळचे डॉक्टर मोठ्या शहरातील तज्ज्ञाचे नाव लिहून देतात. तेथे एका दिवसात काम भागत नाही. एका खेपेस मानसशास्त्रज्ञ, दुसऱ्या खेपेस वाचोपचार तज्ज्ञ, तिसऱ्या खेपेस लेखी अहवाल. मजुरी कापडाच्या मीटरवर असल्याने प्रत्येक खाड्याची किंमत आठवड्याच्या हिशेबात उमटते. आईचे शिलाईचे काम पडून राहते, एस.टी.चे भाडे वेगळे, तपासणीची फी वेगळी. शेवटी भिशी उचलून किंवा उसनवारी करून जी वस्तू हाती पडते ती औषधही नव्हे आणि उपचारही नव्हे. तो एक कागद असतो. त्यावर लिहिलेले असते की हे मूल स्वमग्न आहे.

या कागदाचे पैसे कोणी द्यावयाचे, हा या भाषणाचा विषय. विषय लहान वाटेल. परंतु लोककल्याणाच्या अनेक योजनांचे खरे स्वरूप अशा लहान प्रश्नातच उघडे पडते.

प्रथम त्या कागदाचे महत्त्व पाहू. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकारांची संख्या एकवीस केली आणि स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना त्या यादीत स्थान मिळाले. (अतिचंचलता व अवधानातील दोष, ज्यास एडीएचडी म्हणतात, तो विकार या यादीत आजही नाही.) चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व प्रमाणित झालेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे; उच्च शिक्षणात पाच टक्के जागा आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आहे. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती महाराष्ट्राने अध्ययन अक्षम मुलांना १९९६ पासूनच दिलेल्या आहेत. कायदा उदार आहे. पण या सर्व हक्कांच्या इमारतीला दार एकच, आणि ते म्हणजे तज्ज्ञांचे मूल्यमापन. इमारतीत प्रवेश विनामूल्य आणि दाराला मात्र शुल्क, अशी ही रचना आहे.

हे शुल्क जबर का असते? स्वमग्नता रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, छायाचित्रात उमटत नाही. मुलाला खेळताना पाहावे लागते, पालकांशी सविस्तर बोलावे लागते, शाळेकडून माहिती घ्यावी लागते. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मापनपद्धतीत चाळीस बाबी आहेत. प्रत्येकीला एक ते पाच गुण, आणि बेरीज सत्तरच्या खाली असेल तर स्वमग्नता नाही असे धरले जाते. चाळीस बाबींचे हे साधे कोष्टक वाटते, परंतु ते भरणारा माणूस शिकलेला व अनुभवी असावा लागतो. म्हणजे येथे विकत घेतला जातो तो प्रशिक्षित माणसाचा वेळ. विल्यम बाउमोल या अर्थशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात दाखवून दिले होते की चार वादकांच्या रचनेला शंभर वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागत असे तेवढाच आजही लागतो. कारखान्यात वस्तू स्वस्त होते तशी ती कला स्वस्त होत नाही. मुलाचे मूल्यमापन हे याच जातीचे काम होय. बाजार वाढला की किंमत आपोआप उतरेल, ही आशा येथे व्यर्थ आहे.

त्यातही एक बारकावा आहे. परदेशी प्रकाशकांच्या मालकीचे चाचणी-संच भारी किमतीचे असतात आणि मराठी मुलाला ते मापात बसतीलच असे नाही. या बाबतीत मराठी माणसाने पूर्वी काही केलेच नाही असे नाही. व्ही. व्ही. कामत यांनी स्वातंत्र्यापूर्वीच बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी व कानडी मुलांसाठी घडवून घेतली होती; बिने-कामत चाचणी या नावाने ती पुढे अनेक दशके दवाखान्यांतून वापरली गेली. भाषा हीसुद्धा खर्चाची बाब आहे. गोंडी किंवा पावरी बोलणाऱ्या घरातील मुलाची प्रमाण मराठीत परीक्षा घेतली, तर मूल मागे पडले की चाचणी, हे कळणे कठीण.

प्रश्न मूठभर मुलांचा आहे, असे कोणी म्हणेल. देशातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी होऊन तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पाचांत उत्तर गोवा हे एक ठिकाण होते. श्रवणदोष, अपस्मार, वाचादोष, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता असे नऊ विकार एकत्र धरता, सहा वर्षांखालील मुलांत सुमारे नऊ टक्के आणि सहा ते नऊ वयोगटात साडेतेरा टक्क्यांच्या आसपास मुलांना यांपैकी किमान एक विकार आढळला. साठ मुलांच्या वर्गात ही संख्या आठावर जाते. ही आठ मुले वर्गात बसलेलीच असतात. त्यांना कोणी ‘ढ’ म्हणते, कोणी ‘द्वाड’.

आता शासन या खर्चाला हातभार लावते तो कसा, हे तपासले पाहिजे. पहिली रीत कर-सवलतीची. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात दिव्यांग आश्रिताचा सांभाळ करणाऱ्यास वजावट होती. २०१५ मध्ये ती ७५,००० रुपये, आणि तीव्र अपंगत्वासाठी १,२५,००० रुपये करण्यात आली. या वजावटीची किंमत कोणाला किती, याचे गणित शाळकरी मुलगाही मांडू शकेल. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील अधिकाऱ्याला ७५,००० च्या वजावटीने २२,५०० रुपये वाचतात. पाच टक्क्यांच्या टप्प्यातील कारकुनाला ३,७५० रुपये. यंत्रमाग कामगाराला शून्य, कारण त्याचे उत्पन्न करपात्रच नाही. गरज जितकी अधिक तितकी मदत कमी, असा हा उलटा जिना आहे. शिवाय २०२३-२४ पासून जी नवी करपद्धत मुळात गृहीत धरली जाते, तिच्यात ही वजावट नाही. महाराष्ट्राच्या व्यवसाय करातूनही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या पालकांना सूट आहे. परंतु तो कर राज्यघटनेनेच वर्षाला अडीच हजारांवर बांधून ठेवला आहे, म्हणून सवलतीची कमाल मर्यादाही तेवढीच. आणि या सर्व सवलतींसाठी आधी प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्र मिळविण्याचा खर्च त्यांत कोठेच बसत नाही.

दुसरी रीत विम्याची. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. तीत बाह्यरुग्ण उपचारांना स्थान आहे, हे तिचे वेगळेपण मान्य केले पाहिजे. पण नोंदणीसाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि पैसे आधी भरून पावत्या पाठवावयाच्या असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत या मोठ्या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. ज्या तपासणीला खाट लागत नाही, चिरफाड लागत नाही, ती त्यांच्या यादीत कशी येणार? हृदयाच्या शस्त्रक्रियेचे लाखो रुपये शासन खासगी रुग्णालयास देते आणि मूल बोलत का नाही हे शोधण्यास काही देत नाही, याचे कारण निव्वळ वैद्यकीय नाही. खाटा असलेल्या रुग्णालयांचा दबावगट आहे. न बोलणाऱ्या मुलांचा नाही.

तिसरी रीत परताव्याची, आणि तिचा अभ्यास करावयाचा तर ऑस्ट्रेलियाकडे पाहणे उपयुक्त ठरते, कारण तेथे ही रीत पूर्णत्वास गेली आहे. गॉफ व्हिटलम यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने १९७५ मध्ये सार्वत्रिक आरोग्य विमा सुरू केला. पुढच्या सरकारने तो मोडीत काढला. १९८४ मध्ये हॉक यांच्या सरकारने ‘मेडिकेअर’ या नावाने तो पुन्हा उभा केला. समाजवाद्यांना अभिमान वाटावा अशीच ही कामगिरी. परंतु तिच्या पायात एक खुंटी आधीच ठोकलेली होती. १९४६ च्या सार्वमताने तेथील राज्यघटनेत आरोग्यसेवेविषयीचे जे कलम आले, त्यात डॉक्टरांवर कोणत्याही स्वरूपाची सक्ती करता येणार नाही, अशी पुस्ती जोडण्यात आली. परिणाम असा की सरकार प्रत्येक सेवेची एक अनुसूचित फी ठरविते आणि तिचा ठरावीक हिस्सा, तज्ज्ञाच्या बाबतीत बहुधा ८५ टक्के, रुग्णास परत देते. डॉक्टरने प्रत्यक्षात किती आकारावे यावर मात्र बंधन नाही. दोहोंमधील अंतर कुटुंबाने भरावयाचे.

स्वमग्नता व तत्सम विकारांच्या मूल्यमापनासाठी तेथे वेगळे परतावे आहेत. १ मार्च २०२३ पासून त्यांची व्याप्ती वाढली : वयोमर्यादा पंचविसाच्या आतपर्यंत गेली आणि मानसशास्त्रज्ञ, वाचोपचार तज्ज्ञ आदींच्या मूल्यमापनाच्या सत्रांची संख्या आयुष्यभरात चारवरून आठ झाली. सुधारणा चांगली होती. तरी पंचविशी ओलांडलेल्या माणसाला या परताव्यांचा उपयोग नाही. २०१३ मध्ये कायदा होऊन उभी राहिलेली राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना निदान झाल्यानंतरच्या साहाय्यावर प्रचंड खर्च करते, पण निदानाचा खर्च देत नाही. तेथील संसदेच्या सिनेट समितीने २०२२ मध्ये स्वमग्न नागरिकांविषयी जो अहवाल दिला, त्यात मूल्यमापनाचा खर्च आणि त्यासाठी करावी लागणारी प्रतीक्षा यांबद्दल कुटुंबांची गाऱ्हाणी नोंदलेली आहेत. मेलबर्न-सिडनीत तात्पुरत्या परवान्यावर नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांना तर हा परतावाही नाही, कारण मेडिकेअरचे दार कायम निवासाचा हक्क असलेल्यांसाठी आहे आणि भारताशी तसा परस्पर आरोग्य करार झालेला नाही.

श्रीमंत देशातही असे का व्हावे? परतावा हा ग्राहकाच्या हाती दिलेला पैसा असतो. तो मागणी वाढवितो. तज्ज्ञ निर्माण करीत नाही. तज्ज्ञांची संख्या अपुरी असेल तर परताव्याचा काही भाग फीवाढीत मुरतो, म्हणजे सरकारने आईबापांना दिलेले पैसे त्यांच्या खिशातून वाट काढीत दुसऱ्याच खिशात जातात. दुसरे असे की ज्याच्याजवळ आधी भरावयास पैसे असतात त्यालाच परताव्याचा उपयोग. आणि तिसरी गोष्ट भूगोलाची. गडचिरोलीच्या आईच्या हाती उद्या पाच हजारांची हुंडी ठेवली, तरी ती वटविण्यासाठी तिला नागपूर गाठावे लागेल.

महाराष्ट्रात याहून सरस विचार एकदा झालेला आहे, आणि तो येथल्याच मातीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत व शाळेत फिरत्या पथकाकडून तपासणी, तीस प्रकारचे दोष व विकार, त्यांत स्वमग्नता, अध्ययन अक्षमता आणि कायद्याच्या यादीत नसलेली अतिचंचलताही. आणि शंका आलेल्या मुलासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र, जेथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचोपचार तज्ज्ञ, विशेष शिक्षक एकाच छताखाली बसतील. पालकांनी एक रुपयाही भरावयाचा नाही. कागदावरची ही रचना कोणत्याही परताव्याहून श्रेष्ठ आहे, कारण ती पैसा नव्हे, माणसे पुरविते. दुखणे कोठे आहे ते या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे : पदे कंत्राटी, मानधन तुटपुंजे, आणि नोंदणीकृत चिकित्सक मानसशास्त्रज्ञ अशा मानधनावर जिल्ह्याच्या गावी टिकत नाही. मग फिरते पथक मुलाला हेरते, चिठ्ठी देते, आणि चिठ्ठी घेऊन आलेल्या आईला सांगितले जाते की साहेब मंगळवारी येतात. मुंबईच्या मोठ्या सरकारी व पालिका रुग्णालयांत तज्ज्ञ आहेत, केसपेपरच्या नाममात्र पैशांत काम होते. पण तेथे रांग महिन्यांच्या हिशेबात चालते. अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत तर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वयाच्या आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी प्रमाणपत्र घ्यावयाचे आहे. ही रांग तीनदा लावावयाची.

एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. निदानावर पैसा का उधळायचा, तो उपचारावर खर्च करा, असे काही डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणतात. निदानाला पैसा जोडला की निदाने फुगतात, अशी पुस्तीही त्यास जोडली जाते. ऑस्ट्रेलियातील काही अर्थतज्ज्ञांनी तसे प्रतिपादन केलेही आहे. यात तथ्य नाही असे नाही. जेथे शिक्क्यावाचून काहीच मिळत नाही तेथे आईबाप शिक्का मागणार, आणि कनवाळू तज्ज्ञ तो देणार. मात्र यावरचा उपाय शिक्का महाग करणे हा खचित नव्हे. महाग शिक्का श्रीमंताला परवडतोच. फुगवटा असेल तर तो तेथेच टिकेल आणि कपात गरिबाच्या वाट्याला येईल. शंका येताच, निदानाची वाट न पाहता, वाचोपचार व खेळातून शिकविणे सुरू करणे हा खरा मार्ग. त्याच ऑस्ट्रेलियाच्या योजनेत सहा वर्षांखालील मुलाला ‘विकासातील विलंब’ एवढ्या आधारावर, विकाराचे नाव न ठरताही, साहाय्य मिळण्याची सोय आहे. तेवढे तरी तेथून उचलण्यासारखे आहे. पूर्ण मूल्यमापन मग सावकाश, काळजीपूर्वक होऊ शकते.

तरीही मूल्यमापन कधी ना कधी लागणारच, आणि त्याची हमी कशी द्यावयाची याचा धडा महाराष्ट्राला बाहेरून आणावयाचा नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर राबली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिचे मर्म मुदतीत होते. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्या. न दिल्यास बेकारी भत्ता द्या. म्हणजे शासनाच्या ढिलाईचा खर्च शासनाच्याच डोक्यावर. तोच न्याय येथे लावता येतो. अंगणवाडी, शाळा किंवा फिरते पथक यांनी शंका नोंदविल्यापासून, समजा, साठ दिवसांत जिल्हा केंद्राने मूल्यमापन पुरे करावे. न झाल्यास मान्यताप्राप्त खासगी किंवा संस्थेच्या केंद्रात ते करून घेण्याचा हक्क पालकांना असावा, आणि त्याचे पैसे ठरलेल्या दराने जिल्ह्याने त्या केंद्रास थेट द्यावेत. आईबापांनी आधी भरून मागून पावत्या घेऊन फिरण्याचा प्रश्नच येऊ नये. दर ठरलेला असल्याने वरची रक्कम उकळता येणार नाही. आणि त्या दिवसांचा मुलासोबत आलेल्या पालकाचा बुडालेला रोज किमान वेतनाच्या दराने भरून मिळावा. कारण हजेरीवर जगणाऱ्या घरात फीपेक्षा खाडाच अनेकदा जड असतो, आणि कोणत्याही योजनेच्या कोष्टकात खाड्याला रकाना नसतो.

पैसा कोठून, हा प्रश्न येणारच. रोजगार हमीच्या वेळीही तो आला होता. त्यावर १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला आणि शहरातील पगारदार, व्यापारी व व्यावसायिक यांनी ग्रामीण मजुराच्या हमीचा भार उचलला. त्या काळी कुरकुर झाली, पण राज्य बुडाले नाही. मूल्यमापनाची हमी तिच्या मानाने फारच लहान. तिचा मोठा भाग म्हणजे जिल्हा केंद्रांतील पदे कायम करणे आणि ती टिकतील असा पगार देणे. मुंबई-पुण्याबाहेरच्या सरकारी महाविद्यालयांतून चिकित्सक मानसशास्त्र व वाचोपचार यांच्या जागा वाढविल्याशिवाय ही पदे भरणार नाहीत, हेही बरोबरच मागावे लागेल. ते काम पाच-सात वर्षांचे आहे.

तोवर कार्यकर्त्यांना करता येईल असे काम जिल्हा परिषदेतच पडून आहे. माहितीच्या अधिकारात जिल्हा केंद्राकडे विचारावे : गेल्या वर्षी फिरत्या पथकांनी किती मुलांना चिठ्ठी दिली, त्यांतील किती केंद्रावर पोचली, किती जणांचा लेखी अहवाल झाला, चिठ्ठी आणि अहवाल यांत किती दिवस गेले, केंद्रात मंजूर पदे किती आणि भरलेली किती. पहिल्या खेपेस आलेली पण दुसऱ्या खेपेस न आलेली मुले किती, हे वेगळे विचारावे. तो आकडा बहुधा ठेवलेला नसेल. तसे असेल तर त्या मुलांच्या गावांची नावे मागून घ्यावीत आणि त्यांच्या घरी जाऊन यावे.